थंड कोठ्याच्या बाजूने

बालाघाट जिल्ह्यातल्या हट्टा आणि आसपासच्या गावांत सध्या एकच सल्ला ऐकू येतो: घराशेजारचा जुना कोठा रिकामाच पडला आहे ना, मग पाडून टाका. सल्ला देणारे परके नाहीत. कोणाचे जावई, कोणाचे पुण्याहून सुट्टीला आलेले पुतणे, कोणाच्या ओळखीतले गोंदियाचे कंत्राटदार. त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे मी आधीच मान्य करतो. पण सल्ला चुकीचा आहे, आणि तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण तर साफ उलटं आहे.

ज्यांनी आमच्याकडचा कोठा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरापासून सुटी, स्वतःच्या चार भिंतींवर उभी असलेली ही मोठी इमारत. भिंती मातीच्या, हातभराहून जाड. वर सागाच्या म्याली, म्हणजे तुळया, त्यावर बांबू आणि कवेलू. दार एवढं रुंद की भरलेली खाचर बैलांसकट आत जावी. एका अंगाला बैल, दुसऱ्या अंगाला रेंगी, नांगर, वखर आणि माळ्यावर तणीस. पुढे बैल विकले गेले आणि त्या जागी ट्रॅक्टर उभा राहिला. मग ट्रॅक्टरही भाड्याने बोलावण्याची रीत पडली, धान कापायला हार्वेस्टर येऊ लागला, पोरं नागपूर-रायपूरला नोकरीला गेली. आज त्या कोठ्यात एक मोटारसायकल, मोडका पलंग आणि कोळ्यांची जाळी एवढंच दिसतं.

पाडा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं: ही जागा उबदार होऊच शकत नाही. थंडीत आत बसवत नाही, म्हणजे राहायला उपयोग नाही, म्हणजे भाडेकरू मिळणार नाही, म्हणजे जागा फुकट गेली. त्यापेक्षा जेसीबी लावा आणि स्लॅबचे चार गाळे काढा. दुसरा एक पंथ थोडा सौम्य आहे. तो म्हणतो, पाडू नका, पण सुधारा. भिंतींना सिमेंटचा गिलावा करा, वर फॉल्स सीलिंग लावा, खिडक्या बंद करा, एसी बसवा, म्हणजे हॉल तयार. परदेशी राहून आलेल्यांना हा दुसरा मार्ग विशेष पटतो. ज्या मुलखात हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो तिथे घराबाहेरचं गॅरेज उबदार केल्याशिवाय वापरता येत नाही, आणि तिथला अनुभव ते इथे आणतात. तिथे तो बरोबरच आहे. पण बालाघाट म्हणजे मिनेसोटा नव्हे.

दोन्ही पंथांची गफलत एकच आहे. इमारत माणसाच्या बसण्याउठण्यासाठीच असते, असं त्यांनी धरून ठेवलं आहे. हा कोठा त्यासाठी कधीच बांधला नव्हता. मालगुजारीच्या काळात हट्ट्याच्या पट्ट्यात आणि आजच्या राज्यांच्या रेघेपलीकडे भंडारा-गोंदियाकडे मोठ्या घरांची कोठारं नि कोठे उभे राहिले ते धानासाठी, बैलांसाठी आणि गाड्यांसाठी. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी कायद्याने संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची रेघ पडली, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि भंडारा मुंबई राज्यात गेलं. कोठे मात्र दोन्हीकडे तसेच राहिले, कारण धान दोन्हीकडे तेच होतं. ज्या कामासाठी इमारत बांधली त्या कामाच्या फुटपट्टीने तिला मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता थंडीचंच बोलू. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. दुपारी ऊन चांगलं असतं, पण जाड मातीच्या भिंतीमुळे ते आत सावकाश पोहोचतं. कोठ्यातला माणूस कुडकुडतो हे खरं. पण धान कुडकुडत नाही. उलट धान्य खाणाऱ्या किडीला हीच थंडी भोवते. तांदळातले सोंडे, धानातला पतंग, दाणे पोखरणारे भुंगेरे या सगळ्यांना २८ ते ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. साधारण १५ ते १८ अंशांच्या खाली बहुतेकांची पैदास थांबते. म्हणजे पौषातल्या थंड रात्री पसरून गार केलेलं धान त्याच थंडीत ढोल्यात, म्हणजे मोठ्या कणगीत, भरलं, तर किडीचं चक्र सुरूच होत नाही. धान्य उष्णतेचं फार मंद वाहक आहे. मोठ्या ढोल्याच्या मधल्या धानात भरतीच्या वेळची थंडी कित्येक आठवडे टिकून राहते. बाहेर होळीचं ऊन तापलं तरी आतल्या दाण्याला ते लगेच कळत नाही. जुनी माणसं धान गार झाल्यावरच ढोला भरायची, त्यामागे हाच अनुभव होता. त्या खोलीत हीटर लावून तिला उबदार करायला निघालो, तर आपण किडीची सोय करतो.

हट्टा गावाला हे वेगळं सांगावं लागू नये. हे गाव ओळखलं जातं ते बावडीसाठी. जमिनीत खोल उतरत गेलेली, दगडी, मजल्यामजल्यांची, खांबांचे ओसारे आणि खोल्या असलेली ती बावडी गोंडकालीन मानली जाते आणि आज संरक्षित स्मारक आहे. पाणी तर तिथे होतंच; पण ओसारे आणि खोल्या कशासाठी? वैशाखात बाहेर अंग भाजत असताना तिथे थंडावा मिळावा म्हणून. यंत्राशिवाय, केवळ दगड, माती, खोली आणि सावली यांच्या जोरावर जागा थंड राखण्याची विद्या या मातीत होती. त्या विद्येची दगडी इमारत आपण पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. तिचीच मातीची धाकटी बहीण प्रत्येक जुन्या घराच्या मागे उभी आहे, तिला मात्र थंड आहे म्हणून निकामी ठरवतो. हे मला पटत नाही, आणि कोणी पटवूनही दिलेलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा बियाण्याचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

बियाणं जिवंत असतं आणि ते हळूहळू म्हातारं होत जातं. किती वेगाने, ते दोन गोष्टींवर ठरतं: त्यातली ओल आणि भोवतालचं तापमान. अमेरिकी बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम जगभर शिकवला जातो. बियाण्यातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी कमी केलं की पुन्हा दुप्पट. हा नियम काही मर्यादांतच लागू पडतो, पण त्याचा अर्थ शेतकऱ्याला लगेच उमगेल असा आहे. ओल १४ टक्क्यांवरून १२ वर आणली आणि जागा पाच अंशांनी थंड मिळाली, तर त्याच बियाण्याचं आयुष्य हिशेबाने आठपट होतं. ओल कमी करायचं काम ऊन करतं. पाच अंशांची थंडी कुठून आणायची? पक्क्या घराच्या स्लॅबखालच्या खोलीत ती नाही, टिनाच्या शेडमध्ये तर मुळीच नाही. ती आहे या कोठ्यात, फुकट, वीजबिलाशिवाय.

आणि बालाघाटला बियाण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. इथल्या सुगंधी चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचा कागद भिंतीवर लावून भागत नाही. वाण शुद्ध राहिला तरच त्या कागदाला किंमत. शुद्ध वाण म्हणजे वेगळं कापलेलं, वेगळं झोडलेलं, वेगळं वाळवलेलं आणि वेगळ्या जागी ठेवलेलं बी. राहत्या घरात चार वाण चार जागी वेगळे ठेवायला जागा कुठे असते? पोती एकावर एक चढतात आणि पुढच्या पावसाळ्यात बांधीत भेसळ उगवते.

कोणी म्हणेल, बियाणं राखणं हे विद्यापीठाचं काम. विद्यापीठाचं काम मोठं आहे, मी नाकारत नाही. आमच्या शेजारी रायपूरला डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात छत्तीसगड-मध्य प्रदेशातले धानाचे १९ हजारांच्या आसपास वाण गोळा केले. पण त्यांनी ते गोळा कुठून केले? गावांतून, घरांतून, कोठ्यांतून. शेतकऱ्यांनी ते तोवर राखले होते म्हणून ते मिळाले. आपल्या झाडीपट्टीतलंच, या धानाच्या मुलखातलंच, आणखी एक नाव घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये पटेल ३ या वाणाच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षामागून वर्षं निवड करत नेली. त्यातून एचएमटी हा तांदूळ आला आणि आज तो नागपूरपासून रायपूरपर्यंत घरोघर शिजतो. मोठी जमीन नाही, प्रयोगशाळा नाही. बी जपून ठेवण्याची शिस्त होती. तिकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाण्यांची बँक सुरू केली ती आपल्या मातीच्या घरात. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या दोन माणसांसाठी आपण टाळ्या वाजवतो, आणि त्यांच्या कामाला लागणारी जागा जेसीबीने सपाट करतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९व्या कलमाने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी छापील नावाच्या पिशवीत भरून विकायचं नाही. हक्क कागदावर आहे. तो वापरायला कोरडी, थंड, सुटी जागा लागते.

आता विरोधकांच्या सगळ्यात जड मुद्द्याकडे येतो. तो थंडीचा नाहीच, पण तो क्वचितच कोणी मांडतो, म्हणून मीच मांडतो. कोठ्याचा खरा शत्रू पावसाळ्यातली ओल आहे. आषाढ ते भाद्रपद आमच्याकडची हवा इतकी दमट असते की उघडं ठेवलेलं वाळलेलं धान हवेतलं पाणी ओढून घेतं. हवेची आर्द्रता ७५ टक्के असली की धान साधारण १४ टक्के ओलीवर येऊन थांबतं, आणि आर्द्रता ८५-९० वर गेली की आणखी वर चढतं. मग बुरशी, मग उष्णता, मग वास. कवेलूच्या फटीतून उंदीर येतात, जमिनीतून घुशी येतात, म्यालीला उधळी लागते. माकडं कवेलू फोडतात. हे सगळं खरं आहे. पण यावरचे उपायही ठाऊक असलेले आणि स्वस्त आहेत. सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंत ओलीचं धान घेतलं जातं. ती खरेदीची मर्यादा झाली, साठवणीची नव्हे. वर्षभर ठेवायचं धान १३ टक्क्यांच्या आत आणि बियाणं १२ च्या आत वाळवावं लागतं. ते उघड्या पोत्यात न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली पुसा कोठी तर मातीच्याच विटांची असते, दोन भिंतींच्या मध्ये प्लास्टिकचा कागद घालून बांधलेली. गावातला गवंडी ती बांधू शकतो. म्हणजे ओल अडवण्याचं काम कोठीने करायचं आणि ऊन अडवण्याचं काम कोठ्याने. पत्र्याची कोठी उन्हात ठेवली तर दिवसा तापते, रात्री गार होते आणि आतल्या बाजूला पाणी सुटतं. जाड भिंतीच्या सावलीत ठेवली तर ही भीती फार कमी होते. दोघांना एकमेकांची गरज आहे.

सुधारणावाद्यांना माझं सांगणं कडक आहे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. माती ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती आत कोंडतं. काही पावसाळे गेले की गिलावा फुगतो आणि त्यामागची भिंत भुसभुशीत झालेली असते. मग लोक म्हणतात, बघा, मातीचं बांधकाम टिकत नाही. दोन पिढ्या टिकलेली भिंत सुधारणेने पडते आणि दोष मातीला लागतो. फॉल्स सीलिंगचंही तसंच. कवेलूच्या फटींतून उन्हाळ्यात गरम हवा वर निघून जाते. ती वाट बुजवली की खोली तापते, मग एसी लागतो. कवेलू काढून टिन टाकलं तर हिवाळ्याच्या रात्री टिनाच्या पोटाशी दव जमतं आणि ते खालच्या धानावर टपकतं. शेणमातीचा किंवा चुन्याचा हात, उंदरांसाठी झरोक्यांना बारीक जाळी, धान्याखाली लाकडी फळ्या, आणि दर उन्हाळ्यात पावसाआधी कवेलू फेरून घेणं, एवढ्यावर कोठा चालतो. कवेलू फेरणारे कारागीर कमी झालेत, हे मला ठाऊक आहे. आहेत तोवर त्यांना काम द्या, त्यांच्या हाताखाली गावातलं एखादं पोर द्या. आणि नवे कवेलू मिळत नसतील तर ज्या घरांवर स्लॅब पडला त्यांचे जुने कवेलू मागून घ्या.

अळिंबीचा सल्लाही हल्ली बराच दिला जातो. प्रशिक्षणाहून आलेली बचत गटाची बाई हिशेब मांडते: तणीस घरचीच, कोठा घरचाच, धिंगरी अळिंबीला २० ते २८ अंश पुरतात, हिवाळ्यात सहज जमेल. ती बरोबर सांगते. धिंगरीला लागणारी तणीस आमच्या भागात मुबलक आहे, आणि आज तीच तणीस बांधीत जाळली जाते हे पाहून जीव तुटतो. पण ज्या छपराखाली बियाणं ठेवायचं त्याच छपराखाली अळिंबी घेऊ नका. तिला ८० टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते, म्हणजे दिवसातून अनेकदा पाणी फवारावं लागतं. बियाण्याला नेमकं उलट हवं. ओलीचं काम आणि बियाणं एकाच कोठ्यात चालवा, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दोन कोठे असतील तर एक अळिंबीला द्या. एकच असेल तर तो बियाण्याचा.

विणकामाला मात्र मी आनंदाने जागा देईन. वारासिवनीचं हातमागाचं कापड जवळच आहे. सुती धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून खड्ड्यातल्या मागाला मातीची जमीन आणि मातीची भिंत मानवते. ज्या घरात माग चालवणारे हात आहेत त्यांनी जरूर विचार करावा.

शेवटचा आक्षेप माणसांचा. थंडीत तिथे बसणार कोण? हा प्रश्न झाडीपट्टीत विचारला जावा याचंच मला आश्चर्य वाटतं. धान निघालं की दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य उभं राहतं, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, निमित्ताने गावोगाव नाटकं लागतात. ऐन थंडीत, उघड्यावर, रात्रभर माणसं घोंगडी नि शाली पांघरून बसतात आणि पहाटे घरी जातात. याच रंगभूमीसाठी आयुष्य देणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. उबदार सभागृह नाही म्हणून झाडीपट्टीचं नाटक कधी अडलं नाही. मुंबईतही सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या दालनात ‘आविष्कार’ने मराठी प्रायोगिक नाटक वाढवलं, तिथे कुठे मखमली खुर्च्या होत्या? आपल्या दंडारीच्या पोरांना तालमीला जागा नसते. शाळा संध्याकाळी कुलूपबंद, समाजभवनाला भाडं. कोठ्याचा अर्धा भाग मोकळाच राहतो, तो त्यांना कार्तिक ते फाल्गुन द्या. पत्र्याच्या कोठीतल्या बियाण्याला त्याने काही होत नाही, आणि रोज माणसांची ये-जा असली की उंदीरही दबून राहतात.

गाळ्यांच्या हिशेबाबद्दल थोडक्यात. मुख्य रस्त्यावर ज्यांचं घर आहे त्यांचा गाळा भाड्याने जाईल. त्यांना मी अडवत नाही. पण कोठे बहुतेक मागच्या अंगाला, सांदवाडीकडे असतात. तिथे गिऱ्हाईक जात नाही. गावात फिरून पाहा, आतल्या गल्ल्यांत शटर ओढलेले गाळे किती आहेत. त्यांसाठी काढलेलं कर्ज मात्र फेडावंच लागतं.

ज्या कोठ्याची भिंत कलली आहे, म्याल आतून पोकळ झाली आहे, तो जरूर उतरवा. माणसाच्या जिवापेक्षा काही मोठं नाही. पण तो निर्णय अनुभवी सुताराने म्याल ठोकून पाहिल्यावर घ्या, कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकावरून घेऊ नका. बाकीच्यांना माझी विनंती एवढीच: एक हिवाळा थांबा. दिवाळीला एक तापमापक आणि एक आर्द्रतामापक कोठ्यात टांगा, तसलीच जोडी राहत्या घरातल्या खोलीत टांगा, आणि होळीपर्यंत सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहा. शेजारच्या दोन चिन्नोरवाल्या शेतकऱ्यांना ती वही दाखवा, त्यांचं थोडं बी आपल्या कोठ्यात ठेवून घ्या आणि पावसाळ्याआधी ते उगवून बघा. त्यानंतरही कोठा पाडावासा वाटला, तर जेसीबीवाल्याला बोलवा.